नमुना कच्छचा, ठाण भलतंच: अजरखच्या पडद्यांचा अनुभव

सणावारांच्या तोंडावर गावोगावच्या मंगल कार्यालयांत ‘हस्तकला प्रदर्शन व विक्री’चे फलक लागायला लागतात. यंदा तिथून कुणी पडद्यांचं किंवा सोफ्याचं कापड ऑर्डर देऊन घेणार असेल, तर आधी हे वाचा. हातात घेऊन, पारखून, पिशवीत घालून आणलेल्या कापडाबद्दल मी बोलत नाहीये. नमुना बघायचा, निम्मी रक्कम आगाऊ द्यायची आणि माल मागाहून कुरिअरने यायचा, त्या व्यवहाराबद्दल बोलतेय. आमचे अडतीस हजार त्यात अडकले आहेत.

नाशिकला फ्लॅट घेतला तेव्हा इंटिरियरवाल्या मुलीने सुचवलं की भिंती पांढऱ्या ठेवू, फर्निचर साधं करू आणि रंग सगळा कापडातून आणू. हल्ली जिथे जाल तिथे हेच दिसतं. टेबलावर खणाचा रनर, इकतच्या उशा, सोफ्याच्या पाठीवर टाकलेली घोंगडी. मला त्यात वावगं काही वाटत नाही, कारागिराच्या हाताला काम मिळत असेल तर चांगलंच आहे. (खणाच्या बाबतीतही जरा जपून. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं नाव सांगून यंत्रमागावरचा आणि चक्क छापील खणही विकतात.) आमच्याकडे हॉलला आणि बाल्कनीच्या दाराला अजरखचे, म्हणजे कच्छमधल्या हाताच्या ठशांनी छापलेल्या कापडाचे, पडदे करायचं ठरलं.

प्रदर्शनातल्या त्या स्टॉलवर गर्दी होती, कारण मांडी घालून बसलेला एक माणूस तिथे लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर मारून दाखवत होता. लोक व्हिडिओ काढत होते. मागे दोरीवर ठाणं टांगलेली. मालकाने त्यातलं एक उलगडून आमच्या हातात दिलं आणि ते कापड खरोखरच सुंदर होतं, आजही मी तसंच म्हणेन. चाळीस मीटर एका रंगसंगतीत तयार नाही, पण ‘गावाकडून’ करवून देतो, म्हणाला. भाव साडेनऊशे रुपये मीटर. त्याच ठाणातून वीतभर तुकडा त्याने आम्हाला कापून दिला, ‘मॅडम, इससे मिला लेना.’ एकोणीस हजार तिथेच यूपीआयने गेले, उरलेले माल निघाल्याचा कुरिअरचा नंबर आल्यावर.

अजरखला एवढा भाव का, हे ठाऊक असल्यामुळे रक्कम अवाजवी वाटली नव्हती. आधी कापडातली खळ काढायची, एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्यांत ते मुरवायचं, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळं करून वाळवायचं. पांढऱ्या रेघा राहाव्यात म्हणून चुना आणि डिंकाचा ठसा मारतात, म्हणजे तिथे रंग धरत नाही. काळ्यासाठी गंजलेलं लोखंड गुळाबरोबर आंबवतात आणि चिंचोक्याच्या खळीत घट्ट करून छापतात. लालासाठी तुरटीचा ठसा. निळ्यासाठी अख्खं कापड निळीच्या कुंडात बुडतं, बाहेर येतं तेव्हा हिरवट असतं आणि हवा लागली की निळं होतं. शेवटी मंजिष्ठेच्या किंवा अलिझरीनच्या (मंजिष्ठेतलाच लाल रंग, पण कारखान्यात केलेला) उकळत्या भांड्यात जातं, तिथे तुरटीच्या जागा लाल होतात. मधे मधे धुणं, वाळवणं, पुन्हा छापणं. चौदा ते सोळा पायऱ्या मोजतात, दोन-तीन आठवडे सहज जातात. कच्छमधलं धमडका हे अजरख छापणाऱ्या खत्री समाजातल्या कारागिरांचं जुनं गाव. २००१च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडू लागले, आणि बरीच कुटुंबं भूजजवळ नवं गाव वसवून राहिली, तेच अजरखपूर. पाणी बदललं म्हणून गाव बदलावं लागतं, असा हा धंदा आहे. कच्छी अजरखला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

स्टॉलवरचा माणूस यातलं काही करत नव्हता, हे आता लिहिताना जाणवतं. तो तयार रंगात ठसा बुडवत होता. त्याने साधी ठसाछपाई होते, अजरख होत नाही.

पार्सल आलं ते सुरतच्या पिनकोडवरून. ठाण उघडलं तर रंग तेच, नक्षी तीच, वासही काही विचित्र नाही. घरात सगळ्यांना आवडलं. खोट काढली ती पडदे शिवणाऱ्या काकांनी. पडद्याचे पन्ने शेजारी शेजारी येतात तेव्हा फूल फुलाशी जुळावं लागतं, म्हणून ते कापण्याआधी ठाण जमिनीवर पसरून जुळवाजुळव करत होते. तीन-चार पन्ने कापून झाले आणि त्यांनी मला हाक मारली.

‘ताई, ही रेघ बघा. इथे जरा सरकलीय ना?’

पाहिली. चौकोनाच्या कोपऱ्यात काळी रेघ पांढरीवर चढली होती. मी म्हटलं, हाताचं काम आहे, एवढं चालायचंच.

‘चालेल की. पण आता इकडे या.’ त्यांनी टेप पुढे सरकवली. पंचवीस इंचांवर तीच रेघ, त्याच कोपऱ्यात, तेवढीच सरकलेली. पुढच्या पंचवीस इंचांवर पुन्हा. शेजारचा लाल ठिपकाही दर वेळी एकाच बाजूला फुटलेला. ‘ठसा मारणाऱ्याचा हात चुकतो, पण दर वेळी वेगळा चुकतो. हा रोलर आहे, ताई.’

रोलर म्हणजे रोटरी स्क्रीन, छपाईच्या यंत्रावर फिरणारी नळकांड्यासारखी जाळी. तिचा घेर साधारण ६४ सेंटीमीटर असतो, म्हणजे पंचवीस इंचच, आणि तेवढ्या अंतराने नक्षी जशीच्या तशी पुन्हा येते. सरकलेली रेघ चुकून आलेली नव्हती. हाताचं काम वाटावं म्हणून ती डिझाइनमध्येच घातलेली होती. फसवणूक कसली म्हणायची तर याला. डाग दाखवून अस्सलपणा विकायचा!

मग काकांनी स्टॉलवाल्याने दिलेला वीतभर तुकडा मागितला आणि दोन्ही कापडं उलटी करून शेजारी ठेवली. तुकड्याची मागची बाजू जवळजवळ पुढच्याइतकीच गडद. कापड कुंडात बुडतं, त्यामुळे रंग धाग्याच्या आतपर्यंत जातो. आमच्या ठाणाची मागची बाजू मात्र फिकट, पांढुरकी, नक्षी नुसती डोकावणारी. नखाने खरवडल्यावर वरच्या बाजूचा रंग पापुद्र्यासारखा जाणवत होता, कारण तो कापडाला चिकटवलेला होता. ओला पांढरा रुमाल घासून बघा असं बरेच जण सुचवतात. ती परीक्षा माझ्या मते कामाची नाही. निळीचा रंग खऱ्या अजरखलाही थोडा लागतो आणि यंत्राचा पक्का रंग मुळीच लागत नाही. उलटी बाजू आणि टेप, एवढ्यावर भागतं.

फोन केला तर मालक आधी गोड बोलला. म्हणे, ‘मॅडम, डिझाइन तो ब्लॉक का ही है.’ डिझाइन ठशाचंच होतं, खरंय. बिलावरही ‘अजरख प्रिंट कॉटन’ एवढंच, हॅंडब्लॉकचा उल्लेख नाही, जीएसटी क्रमांक नाही आणि तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. स्टॉलवर हातमागाचं बोधचिन्ह असलेली चिठ्ठी लटकत होती, त्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला ती दुसऱ्या मालाची. इथे एक गोष्ट सांगते, कारण पुष्कळांचा यात गोंधळ होतो. २००६ साली सुरू झालेलं हे बोधचिन्ह, म्हणजे हॅंडलूम मार्क, विणकामाबद्दल बोलतं, छपाईबद्दल नाही. गिरणीच्या कापडावर हाताने ठसे मारलेले असू शकतात आणि हातमागाच्या कापडावर यंत्राने छापलेलं असू शकतं. विक्रेते एका चिठ्ठीत दोन्ही उरकतात. रंगांचंही तसंच आहे. कित्येक चांगले कारागीर कृत्रिम नीळ आणि अलिझरीन वापरतात आणि तसं सांगतात, त्यात फसवणूक नाही. सगळं वनस्पतीचं आहे आणि पश्चिमेच्या उन्हातही उडणार नाही, असं एका दमात सांगणारा मात्र खोटंच बोलत असतो. नैसर्गिक रंग उन्हात हळूहळू उडतो. खरं अजरख आलं असतं तरी आम्हाला मागे अस्तर लावावंच लागलं असतं.

दुसऱ्या फोननंतर नंबर ब्लॉक. प्रदर्शनाचे आयोजक म्हणाले, आम्ही फक्त गाळे भाड्याने देतो. गावातल्या घाऊक कापडबाजारात तीच नक्षी, तीच सरकलेली रेघ, एकशे ऐंशी रुपये मीटरने मिळाली. मी तिथून अर्धा मीटर घेतलं आणि त्याचं पक्कं बिल घेतलं. पुढे सगळ्यात जास्त उपयोग या अर्ध्या मीटरचा झाला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ते समोरच्याकडे पाठपुरावा करतात, पण समोरच्याचा पत्ताच नसेल तर गाडी तिथेच अडते. पत्ता अखेर आयोजकांकडून मिळाला, तोही लेखी नोटीस दिल्यावर. गाळ्याच्या आरक्षणाच्या अर्जासोबत आधार कार्डाची प्रत होती. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिलावरच्या त्या ‘माल परत घेतला जाणार नाही’ला घाबरून कित्येक जण गप्प बसतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. आयोजकांनाही मी पक्षकार केलंय. गाळा भाड्याने देतात, तर फलकावर ‘थेट कारागिरांकडून’ असं कुणी लिहिलं होतं?

न कापलेलं ठाण काकांनी तसंच गुंडाळून परत दिलं. शिलाईचे पैसे घेतले नाहीत, कापलेल्या पन्न्यांची किनारही दुमडून दिली. तक्रारीसोबत वीतभर तुकडा, ठाणाचे उलटसुलट बाजूंचे टेप ठेवून काढलेले फोटो, पिनकोड दिसणारं पार्सलचं वेष्टन आणि बाजारातलं ते अर्धा मीटर कापड त्याच्या बिलासह जोडलंय. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. परवा कोल्हापूरच्या नणंदेने तिच्या सोसायटीच्या ग्रुपवरची एक जाहिरात पाठवली. मांडी घालून ठसा मारणारा तोच माणूस, मागे दोरीवर तीच ठाणं, स्टॉलचं नाव मात्र दुसरंच. नणंदेने ग्रुपवर आमचे टेपचे फोटो टाकलेत.