फेलिक्स-एम अरिथ्मोमीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

हॅण्डल फिरवून आकडेमोड करायचे हे यंत्र घेण्याआधी एकच गोष्ट तपासा: हातचा नीट जातो का. बाकी सारे दुरुस्त होते किंवा चालवून घेता येते.

रचना मुळात ओड्नर यांची. हा स्वीडिश अभियंता सेंट पीटर्सबर्गला काम करत होता. सोव्हिएत काळात, १९२९ पासून पुढची अनेक दशके, तेच यंत्र 'फेलिक्स' नावाने निघत राहिले. आकडा मांडायला ९ दांड्या, हॅण्डलच्या फेऱ्या मोजायला ८ घरे, उत्तराला १३. प्रत्येक दांडीमागे एक चकती आहे. दांडी ७ वर नेली की चकतीतून ७ दाते बाहेर येतात आणि हॅण्डलच्या एका फेरीत उत्तराचे चाक ७ घरे सरकते. चाक ९ वरून ० वर आले की एक छोटा खटका उठतो आणि पुढच्या चकतीवरचा जादा दाता शेजारच्या चाकाला एक घर ढकलतो. हातचा नेणारे हे जादा दाते थोडे थोडे मागेपुढे बसवलेले असतात, म्हणून हातचा उजवीकडून डावीकडे क्रमाने सरकत जातो.

तपासणी अशी: ८ दांड्या ९ वर ठेवून एक फेरी द्या, मग फक्त एककात १ मांडून आणखी एक. १०००००००० यायला हवे. मध्ये कुठे ० च्या डावीकडे १ पोचला नाही, तर तिथला खटका सुकलेल्या तेलाने चिकटला आहे. रॉकेलने तो भाग साफ करा (आकड्यांवर रॉकेल जाऊ देऊ नका, रंग उतरू शकतो) आणि सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. जास्त तेल धूळ धरते आणि महिन्याभरात तोच त्रास पुन्हा सुरू होतो.

रोजच्या वापरात गुणाकार सर्वांत सुखाचा. ३४७ × २६ साठी ३४७ मांडून ६ फेऱ्या, कॅरेज (उत्तराची आणि फेऱ्यांची घरे असलेला सरकता भाग) एक घर उजवीकडे, २ फेऱ्या: ९०२२. २९८ ने गुणायचे तर १९ फेऱ्या कशाला? शतकावर ३ सुलट, एककावर २ उलट (उलट फेरी म्हणजे वजाबाकी), झाले. उलट फेऱ्या लाल आकड्यांत दिसतात. मात्र फेऱ्यांच्या मोजणीत हातचा नाही, त्यामुळे एकाच घरात दहावी फेरी दिली की ती मोजणी वाचण्यासारखी राहत नाही. ही खरी उणीव आहे.

वर्गमूळ मात्र अप्रतिम निघते. ६२५ मांडून उत्तरात घ्या, फेऱ्यांची मोजणी पुसा. कॅरेज दशकावर नेऊन दशकाच्या दांडीवर १, मग ३ अशा दोन उलट फेऱ्या द्या, २२५ उरतात. आता ३ चे ४ करा, कॅरेज एककावर आणा आणि एककाची दांडी १, ३, ५, ७, ९ वर नेत, म्हणजे ४१ ते ४९, पाच उलट फेऱ्या द्या. उत्तर शून्य, फेऱ्यांच्या घरात लाल २५. पहिल्या n विषम संख्यांची बेरीज n चा वर्ग असते, हा नियम हाताखाली घडताना पाहणे फार समाधानाचे आहे.

फेरी चुकून सुरू झाली तर अर्ध्यातून परत फिरवू नका. उठलेले खटके तसेच राहतात आणि उत्तर १० ने किंवा १०० ने बिघडते. फेरी पूर्ण करा, मग एक पूर्ण उलट फेरी द्या. पुसण्याचे फुलपाखरी नटही 'खट्' आवाज होईपर्यंत पूर्ण फिरवा; आकडा खिडकीत अर्धवट थांबला की हॅण्डल अडते. अशा वेळी जोर लावलात तर दाता वाकतो, आणि सुट्टा दाता मिळवायला दुसरे बंद पडलेले यंत्रच शोधावे लागते.