गांडूळखताचा बेड की सरीतलं पाचट?

गोठ्यात दोन म्हशी, दीड-दोन एकर ऊस, घरामागं थोडी सावली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, कागल, हातकणंगल्यात असं बरंच शेतकरी आहेत. गांडुळांच्या भरवशावर जमीन सुधारायची म्हटलं तर त्यांच्यापुढं दोन पर्याय येतात: शेणाचं बेडमध्ये खत करायचं, किंवा पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, न पेटवता रानातल्या गांडुळांना खाऊ घालायचं. उसासाठी माझा कौल पाचटालाच.

आधी हिशेब बघा. १२ फूट लांब, ४ रुंद, २ खोल बेडमधून दोन-अडीच महिन्यांनी साधारण अर्धा-पाऊण टन खत निघतं. उसाला एकरी दोन टन धरलं तर दोन म्हशींचं वर्षभराचं शेण त्यातच संपलं. उलट तोडणी झाली की एकरात ३ ते ४ टन पाचट आपसूक पडलेलं असतं. ना वाहतूक, ना भरणी.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बेडमधली गांडुळं बहुधा आयसेनिया फेटिडा जातीची असतात. ती शेण आणि कुजका पाला खाऊन वरच्या थरातच राहतात, माती खोल पोखरत नाहीत. ती विकत आणून उघड्या रानात सोडली तर टिकत नाहीत. खोल बिळं करून पाण्याला आणि मुळांना वाट देणारी गांडुळं आपल्या मातीतलीच. आच्छादन, ओल आणि कमी नांगरट मिळाली की ती वाढतात. पाचट पेटवलं की त्यांचं खाणं, सावली आणि ओल एकदमच जाते. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी टाकलेलं दाणेदार कीटकनाशकही त्यांना मारतं, हे विसरू नका.

पाचटाला कष्ट आहेतच. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं. त्यात नत्र फार कमी, म्हणून वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून ओल धरायची. हे खोडव्यालाच, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसालाच, जमतं. पंचगंगेच्या पूरपट्ट्यात तोडणी उशिरा झाली, तर अर्धवट कुजलेलं पाचट पुरात वाहून जाण्याची भीती असते.

बेड उपयोगी पडतो तो रोपवाटिकेला, भाजीपाल्याला, परसबागेला. गांडूळखतात नत्र दीड टक्क्याच्या आसपास असतं, शेणखतात अर्धा टक्का. थोड्या जागेत हा फरक दिसतो. मात्र बेड तापत नाही, त्यामुळं शेणातलं तणाचं बी मरेलच असं नाही. शेण ताजं घालू नका, त्याच्या उष्णतेनं गांडुळं मरतात. पंधरा दिवस मुरू द्या. गगनबावडा, राधानगरीकडं पाऊस जोराचा, म्हणून बेडला उंचवटा आणि पक्कं छप्पर हवंच. कोंबड्या आणि मुंग्यांपासूनही जपा.

शिरोळकडचं रान क्षारपड असेल तर आधी निचऱ्याचे चर काढा. क्षार वर आलेल्या मातीत रानातलं गांडूळही तग धरत नाही.