पहिला दिवस हारतुऱ्यांचा, दुसरा हिशेबाचा : नाशिकमधल्या 'यशस्वी उद्योजक' वर्गाबद्दल

सातपूरला शनिवार-रविवार भरणाऱ्या या वर्गाची फी ४,५०० रुपये. त्यात चहा-नाश्ता, जेवण, बारा उद्योजकांच्या केस (म्हणजे धंदा कसा वाढला याच्या हकिकती) असलेली जाडजूड फाइल आणि एक एक्सेल तक्ता. नाव मुद्दाम देत नाही. असे वर्ग शहरात आणखीही चालतात आणि दुखणं सगळीकडे एकच आहे. शिकवणारे वेळ पाळतात, मध्येच कोणी विमा किंवा सॉफ्टवेअर विकायला उभं राहत नाही. तरी पाचपैकी तीनच गुण, आणि त्यातले अडीच रविवारचे.

शनिवारच्या फाइलमध्ये प्रत्येक केसच्या शेवटी 'सात गुण' अशी चौकट आहे. धाडस, चिकाटी, माणसं जोडणं वगैरे. बाराही चौकटींत सातही ठिकाणी बरोबरची खूण. पण हेच गुण अंगी असून ज्यांच्या गाळ्याला बँकेचं कुलूप लागलं, त्यांची एकही केस फाइलमध्ये नाही. मग या गुणांमुळे यश आलं, की धंद्यात उडी घेणाऱ्या प्रत्येकातच ते असतात, हे ठरवायचं कशावरून?

सुलाचीच केस घ्या. १९९९ साली सुरू झालेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आलेली वाइन कंपनी. नाशकात तिच्यावाचून असला वर्ग होणं शक्यच नाही. संस्थापकाचं शिक्षण, अमेरिकेतली नोकरी, गंगापूर धरणाजवळची जमीन हे सगळं साग्रसंगीत. राज्याचं २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणि त्यातली वाइनवरची उत्पादन शुल्काची माफी मात्र एका ओळीत उरकली. ती ओळ वाढवली असती तर खरी मजा आली असती, कारण माफी जिल्ह्यातल्या बाकीच्या वायनरींनाही होती आणि २००८ नंतरच्या मंदीत त्यातल्या कित्येक बंद पडल्या. म्हणजे माफी हे मैदानात उतरण्याचं तिकीट झालं. जिंकणारा आणि हरणारा यांच्यातला फरक त्यातून निघत नाही. तो शोधायचा तर विचारावं लागतं : माल विकायची यंत्रणा स्वतःची होती का? टाक्या भरलेल्या असताना कर्जाचा हप्ता किती होता? हे प्रश्न फाइलमध्ये नाहीत.

दुसरी खोट शब्दांची. ऑर्डर हातात नसताना कर्ज काढून दुसरं सीएनसी मशीन (संगणकाच्या आज्ञेवर धातूचे भाग कापणारं) घेतलं. पुढे ऑर्डर आली तर ती 'दूरदृष्टी', नाही आली तर 'अंथरूण पाहून पाय पसरावेत'. कृती एकच, निकाल कळल्यावर नाव बदललं. मुलाखतीवर उभ्या केलेल्या प्रत्येक केसमध्ये हे होतं, कारण सांगणाऱ्याला शेवट माहीत असतो. उपाय कंटाळवाणा पण साधा : निकालाआधीचे कागद बघा. त्या वर्षीचा ताळेबंद, बँकेला दिलेला प्रकल्प अहवाल, तेव्हाची कोटेशनं.

आणि अव्वल नंबराचाच अभ्यास का करायचा? ६४ जणांनी सहा-सहा वेळा नाणं उडवलं तर सरासरी एकाला सहाही वेळा छापा पडतो. त्याच्याकडे 'नाणं उडवण्याचं तंत्र' विचारायला जाणं जितकं शहाणपणाचं, तितकंच हे. येर्कर डेनरेल आणि चेंगवेई लिऊ या संशोधकांनी २०१२ मध्ये नेमकं हेच मांडलं : जिथे नशिबाचा आणि जोखमीचा वाटा मोठा असतो, तिथे सर्वांत टोकाचं यश मिळवणाऱ्यांपेक्षा त्यांच्या खालच्या फळीतले लोक सरासरीने जास्त कुशल निघतात. फाइलमध्ये पंचवटीतल्या एका लॉजचा आलेख आहे, तो २०१५-१६ ला संपतो. सिंहस्थाचं वर्ष! त्यानंतरची तीन वर्षं जोडल्याशिवाय त्या आलेखावर बोलूच नये.

रविवारी मात्र वर्ग एकदम ताळ्यावर येतो. तक्त्यात ४० युनिट, प्रत्येकाची पाच वर्षांची उलाढाल, आणि पहिलंच काम : टोकाला असलेले आकडे तपासा. क्रम चोख शिकवतात. आधी नोंदीची चूक बघा. लाख आणि कोटी यांची सरमिसळ सर्वांत जास्त सापडते. मग तो आकडा भलत्याच जातीचा तर नाही ना, हे बघा. उत्पादन करणाऱ्याच्या खात्यात बहीण-कंपनीचा ट्रेडिंगचा माल मिसळलेला असतो. दोन्ही नसेल तर आकडा खरा, आणि खरा आकडा 'वेगळा दिसतो' म्हणून खोडायचा नाही. हे महत्त्वाचं, कारण उद्योजकतेच्या संशोधनातही असे आकडे बरीच वर्षं अडचण समजून बाजूला काढले जात. क्रॉफर्ड, अग्विनिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १२,००० हून अधिक कंपन्या तपासून दाखवलं की इथे घंटेच्या आकाराची वाटणी, म्हणजे बहुतेक आकडे सरासरीच्या आसपास, अशी नसतेच. मूठभर कंपन्याच मोठा वाटा उचलतात.

एवढं शिकवून तक्त्याच्या तळाशी 'सरासरी उलाढाल' हा रकाना ठेवलाय, हे हसण्यासारखं आहे. नऊ युनिट ८० लाखांची आणि एक ४० कोटींचं असेल तर सरासरी येते ४ कोटी ७२ लाख, आणि त्या आकड्याच्या जवळपास एकही युनिट नसतं. तिथे मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, लावा : ८० लाख.

शेवटचा जोड्या लावण्याचा सराव सर्वांत चांगला, वेळ मात्र जेमतेम ४० मिनिटं. एका यशस्वी युनिटसमोर त्याच वर्षी, त्याच मालात, साधारण तेवढ्याच भांडवलावर सुरू झालेली तीन युनिटं शोधायची, त्यात किमान एक बंद पडलेलं. अडतं ते बंद पडलेल्यांपाशी. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जुने ताळेबंद सापडतात. मालकीची पेढी असेल तर तिथे काही मिळत नाही. मग पेपरातल्या बँकेच्या ताबा नोटिसा, एमआयडीसीच्या जुन्या याद्या आणि जुन्या मशिनरीचे दलाल. दलालांना बरंच ठाऊक असतं, कोणतं मशीन कोणत्या गाळ्यातून कधी निघालं ते.

फक्त रविवारची फी वेगळी घेत नाहीत, तरी विचारून पाहावं. लॅपटॉप न्या, मोबाईलवर तक्त्यातली सूत्रं नीट दिसत नाहीत आणि हॉलमध्ये प्लगची सोय मागच्या दोनच रांगांना आहे.