आईच्या घोरण्यासाठी घेतलेलं ऑटो सीपॅप: मशीन छान, खरी परीक्षा मास्कची

प्रॉडक्ट: रेसमेड एअरसेन्स १० ऑटोसेट, ह्युमिडिफायरसकट (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी). सीपॅप म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन. वापरणारी आमची आई, वय ७१, मुक्काम सांगली. आधी भाड्याने आणलं आणि मग विकत घेतलं. मशीनला साडेचार स्टार, पहिल्या मास्कला दोन, दुसऱ्या मास्कला चार, आणि पहिल्या डीलरला एक, तोही त्याच्याकडच्या डिलिव्हरीच्या पोराचा, बिचारा लिफ्ट बंद असताना खोका घेऊन तीन मजले चढून आला म्हणून.

आधी एक सांगते, घरात कुणी घोरतंय म्हणून लगेच मशीन मागवायला जाऊ नका. वय झालं की घशातले स्नायू सैल पडतात, पाठीवर झोपलं की जीभ मागे सरकते आणि हवा अरुंद जागेतून जाताना आवाज करते. नुसतं तेवढंच असेल तर कुशीवर झोपणं, नाक चोंदत असेल तर त्याचं औषध, थोडं वजन कमी करणं, आणि काकालोकांची संध्याकाळची 'बैठक' असेल तर ती बंद करणं, यावर बऱ्याच जणांचं भागतं. आमच्या मामांनी बनियनला मागून खिसा शिवून त्यात टेनिस बॉल घातला, पाठीवर वळले की टोचतो, त्यांचं तेवढ्यावर निभावलं. पण घोरता घोरता आवाज एकदम बंद, काही सेकंद सगळं गप्प, आणि मग दचकून मोठा श्वास, असं होत असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत परत परत श्वास अडकण्याचा आजार, असू शकतो आणि मग छातीच्या डॉक्टरांकडे किंवा ईएनटीकडे जायचंच.

आमच्याकडे आई घोरते हेच कुणाला माहीत नव्हतं हो. आण्णा रात्री कानाचं मशीन काढून डबीत ठेवतात, त्यानंतर शेजारी बँड वाजला तरी त्यांना पत्ता नाही. आणि घोरतात ते पुरुष, बायका कशाला घोरतील असं आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलेलं, खरं म्हणजे पाळी गेल्यानंतर बायकांमधे याचं प्रमाण चांगलंच वाढतं. कळलं ते आई भिशीतल्या बायकांबरोबर अक्कलकोट-गाणगापूरला गेली तेव्हा. खोलीतल्या मावशींचा सकाळी सकाळी मला फोन, "अगं तुझी आई मधे मधे श्वासच घेईना गं, मी दोनदा उठून नाकाखाली बोट धरून बघितलं." मग एकेक गोष्ट जुळायला लागली. बीपीच्या गोळ्या वाढवूनही बीपी वरच, सकाळी उठल्या उठल्या डोकं जड, सिरीयल लावली की पाचव्या मिनिटाला डुलकी, आणि रात्री लघवीला तीन-चारदा उठणं, ज्याला आम्ही सगळे शुगर आणि वय म्हणून सोडून देत होतो. अ‍ॅप्नियामुळेसुद्धा रात्रीची लघवी वाढते हे मला डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं.

मशीनच्या आधी घरात जे जे आलं त्याचा रिव्ह्यू एका दमात उरकते. नाकात लावायची चुंबकाची क्लिप, दोनशे रुपये, नातू खेळतोय त्याच्याशी. हनुवटीला बांधायचा पट्टा, तोंड बंद राहतं पण घसा आतून बंद होतोय त्याला पट्टा काय करणार. नाकावर चिकटवायच्या पट्ट्या, सर्दीत जरा मोकळं वाटतं, तेवढ्यापुरत्या ठीक. नाकात साजूक तुपाचे थेंब, कोरडेपणा गेला, घोरणं जसंच्या तसं. तोंडाला टेप लावून झोपायचे व्हिडिओ फिरतायत ते कृपा करून म्हाताऱ्या माणसांवर करू नका. खालचा जबडा पुढे ओढून धरणारं दातांचं यंत्र मिळतं, ते सौम्य केसेसमधे चांगलं असतं म्हणे, पण त्याला अडकवायला स्वतःचे दात लागतात आणि आईला कवळी आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. आणि झोप लागत नाही म्हणून शेजारपाजारच्यांच्या सांगण्यावरून झोपेची गोळी तर अजिबात नको, बऱ्याच झोपेच्या गोळ्यांनी घसा अजून सैल पडतो.

टेस्ट घरीच झाली. मिरजेहून टेक्निशियन आला संध्याकाळी, छातीला पट्टा, नाकाला बारीक नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, सकाळी येऊन काढून घेऊन गेला. रिपोर्टमधे एएचआय बघायचा, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा अर्धवट होतो. ५ च्या आत नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, वर गेला की सिव्हिअर. आईचा ३८. तरी ती म्हणे मला काही होत नाही, मी मस्त झोपते. शेवटी बप्पी लाहिरींचं नाव काढलं, २०२२ च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितलं होतं, बातम्या तिने बघितलेल्या, मग जरा गप्प झाली.

आता मशीन. काम साधं आहे, खोलीतली हवा ओढून दाबाने नाकातून घशात सोडायची म्हणजे घसा आतून मिटत नाही. ऑक्सिजन देत नाही हं, हा घोटाळा सगळे करतात, बघायला येणारा प्रत्येक पाहुणा "ऑक्सिजनवर ठेवलंय का" विचारून आईचं डोकं फिरवतो. ऑटो असल्यामुळे दाब एकच नसतो, ४ ते २० मधे (हे दाबाचं माप, सेंटीमीटर पाण्यात) मशीन गरजेप्रमाणे कमीजास्त करतं, आमच्या डॉक्टरांनी त्यातला ६ ते १४ एवढाच पट्टा लावून दिलाय. सुरुवातीला कमी दाब मग हळूहळू वाढ, आणि श्वास सोडताना दाब जरा उतरतो, या दोन सोयी म्हाताऱ्या माणसाला फार लागतात, नाहीतर समोरून वारा मारतंय आणि आपण त्यात श्वास सोडतोय असं होतं. आवाज पंखा चालू असेल तर ऐकूच येत नाही. १९८०-८१ च्या सुमारास सिडनीला डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी हा प्रकार पहिल्यांदा केला तेव्हा व्हॅक्युम क्लीनरची मोटर वापरली होती, तेव्हाच्या पेशंटच्या शेजारी कोण झोपत असेल देव जाणे.

आईला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्क्रीनवरचं तोंड. मास्क नीट बसला की हिरवं हसरं, हवा गळत असेल तर लाल रडकं. सकाळी फोनवर मला "आज हिरवं, सात तास, तीन" असा रिपोर्ट देते, तीन म्हणजे तासाला तीन इव्हेंट. ३८ वरून ३. यावर मी अजून काय लिहू!

पण मास्क. इथे खरी गंमत आहे आणि इथेच निम्मे लोक मशीन माळ्यावर टाकतात. पहिल्या दिवशी आई म्हणाली "हे काय मुसकं बांधलंय मला, बैल आहे का मी?" डीलरने खोक्यातून जो निघाला तो मास्क दिवाणखान्यात खुर्चीवर बसवून, कवळी घातलेली असताना लावून बघितला, ओके म्हणाला आणि गेला. रात्री कवळी काढली की गाल आत जातात, आडवं झालं की चेहरा अजून बदलतो, त्यामुळे ओठाच्या कोपऱ्यातून हवा शिट्टी मारत बाहेर, थोडी डोळ्यात. त्याला फोन केला तर म्हणे पट्टे आवळा. आवळले, तर सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ. परत फोन केला तर उचलेना. कपाळावर टेकणारा पॅड होता त्याला रोज सकाळी आईची टिकली चिकटलेली, मागचा पट्टा बरोबर अंबाड्यावर यायचा आणि केसाला तेल म्हणून घसरायचा. नाकपुडीत बसणारा छोटा प्रकारही बघितला, पण तो चमकीवर घासतो, आणि लग्नातली चमकी ती काढणार नाही, मीही म्हटलं नको काढू.

दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी (स्वतः टेक्निशियन आहेत) आईला पलंगावर झोपवलं, कवळी काढायला लावली, मशीन चालू ठेवून दाब वाढवला आणि मग एकामागून एक मास्क लावून बघितले. कपाळावर काही न टेकणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, एक साईज लहान, तो बसला. पट्टे उलट सैल केले. अंबाड्याऐवजी बाजूने सैल वेणी, तेल रात्री नाही सकाळी, आणि थंडीत तोंडाला कोल्ड क्रीम लावून मास्क लावायचा नाही कारण सिलिकॉन सरकतं. या बाईंना पैकीच्या पैकी.

आईची मोठी भीती, लाईट गेली तर गुदमरीन का? नाही. मास्कला हवा बाहेर जायला भोकं असतात आणि तोंड झाकणाऱ्या मास्कला वेगळी झडप असते, मशीन बंद पडलं की ती उघडते. तरीही अशा पलंगाशेजारच्या मशीनमधे बॅटरी नसते, त्यामुळे आमच्याकडे ते इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतलंय, आणि लाईट वारंवार जात असेल तर ह्युमिडिफायर बंद ठेवा, करंट बराच वाचतो.

पाणी डिस्टिल्डच घाला, रोज उरलेलं ओतून नवीन. बोअरचं घातलं की टाकीत पांढरा थर धरतो. थंडीच्या रात्री नळीत पाणी जमून गुळगुळ आवाज येतो, तेव्हा ह्युमिडिटी एक-दोन पॉइंट कमी करायची, नळी गोधडीखालून घ्यायची आणि मशीन उशीपेक्षा खाली, बुटक्या स्टुलावर ठेवायचं म्हणजे पाणी नाकात न येता मागे जातं. मास्कची गादी (तोंडाला टेकणारा सिलिकॉनचा भाग) रोज सकाळी साध्या साबणाने धुवायची, हे काम आण्णांनी घेतलंय, चहाच्या भांड्यांबरोबर तीही विसळून खिडकीत सावलीत वाळत टाकतात.

फरक काय पडला विचाराल तर लघवीला उठणं एकावर आलं, डोकं जड नाही, बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली (स्वतः कमी करू नका), आणि सिरीयल आता शेवटपर्यंत बघते, तो तोटा म्हणायचा की फायदा ते आण्णांना विचारा. एखाद्या दिवशी कंटाळा करते, लग्नाला वगैरे गेली की नेत नाही, आणि त्या रात्रीनंतरचा दिवस पेंगत जातो.

खर्च: भाडं महिना साडेतीन हजार, डिपॉझिट वेगळं, भाड्याचे थोडे पैसे नंतर किमतीत वळते केले. मशीन पन्नास हजाराच्या घरात, मास्क वेगळा, चांगला सहा-सात हजाराला बसतो आणि त्याची गादी झिजली की बदलावी लागते. सेकंडहँड घेऊ नका, स्वस्तात खूप दिसतात. २०२१ मधे फिलिप्सने आवाज कमी करणारा आतला फोम झडू शकतो म्हणून लाखो जुनी मशीन परत बोलावली होती, विकणारा तुम्हाला ते सांगेलच असं नाही. आणि दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको, "झोपवून मास्क लावून बघणार का आणि नाही बसला तर बदलून देणार का" हे विचारा, तो आढेवेढे घ्यायला लागला की दुसरं दुकान गाठा.