एपेक्स डीएस४ आणि एक्सटीएक्स५०: मालवणचा एक हंगाम आणि एक पावसाळा काढल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात घेतलेला स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबाला आणून देतो तो) पावसाळा काढून पुन्हा पाण्यात उतरला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. सेट असा: फर्स्ट स्टेज (सिलिंडरला लागतो तो भाग) एपेक्स डीएस४, डिन जोडणीचा, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणारा, त्यावर सेकंड स्टेज (तोंडात धरतो तो भाग) एक्सटीएक्स५०, आणि ऑक्टोपस, म्हणजे जादा सेकंड स्टेज, म्हणूनही दुसरा एक्सटीएक्स५०च. वापर मुख्यतः मालवण-तारकर्लीला, अधूनमधून निवतीकडे. पुढेमागे पाठीवर जोड सिलिंडर घेऊन डीकंप्रेशन डायव्हिंग (वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबत यावं लागतं ते) शिकायचंय. ते इथे होणार नाही, त्यासाठी बाहेरच जावं लागेल. पण पहिला रेग्युलेटर तेव्हाही कामाला यावा, एवढी अट होती.

दुकानात पहिल्यांदा ऐकवतात ते श्वास किती हलका याचं पुराण. माझ्या मते नवशिक्याने याकडे सगळ्यात कमी लक्ष द्यावं. ईएन २५० या युरोपीय मानकात रेग्युलेटर ५० मीटर खोलीच्या दाबाला तपासतात. मालवणात आपण त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही क्वचित जातो. तिथे कुठलाही बरा बॅलन्स्ड रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब उतरला तरी श्वास तसाच ठेवणारा) सारखाच वाटतो, आणि ज्याला फरक जाणवतो असं तो म्हणतो त्याला डोळे बांधून विचारावं.

कोकणात फरक पडतो तो सीलिंगमुळे. डीएस४ हा सीलबंद डायफ्रॅमचा (लवचीक पडद्याचा) आहे, म्हणजे मुख्य स्प्रिंग ज्या कप्प्यात असते तिथे समुद्राचं पाणी शिरतच नाही. पत्रकात हे वैशिष्ट्य थंड पाण्यासाठी म्हणून दिलेलं असतं, आत बर्फ धरू नये म्हणून. आपलं पाणी २५ ते ३० अंशांचं, बर्फाचा काय संबंध? पण गाळाचा आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. किल्ल्याच्या आसपासही वारा फिरला की दोन हातांपलीकडचं दिसत नाही. आमचे होडीवाले तात्या पाण्यात नुसता हात घालून सांगतात, "आज पाणी गढूळ आसा, तळ काय दिसाचो नाय." उघड्या पिस्टनच्या रेग्युलेटरमध्ये हेच पाणी स्प्रिंगपर्यंत जातं, मागे मीठ आणि बारीक रेती ठेवतं, आणि पिस्टनची ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) त्यावर घासत राहते. हंगामानंतर तंत्रज्ञाने माझ्यासमोर डीएस४ उघडला, तेव्हा कप्पा कोरडा होता. बाहेरच्या क्रोमवर मात्र पांढरे डाग होते, ते पुसल्यावर गेले.

पिस्टनवर मी फुली मारत नाही. स्क्युबाप्रोचा एमके२५ बॅलन्स्ड पिस्टन आहे, हवा भरपूर देतो आणि रोज नीट धुणाऱ्याच्या हातात वर्षानुवर्षं चालतो. एमके२ तर त्याहून साधा, मोजके भाग, बिघडायला फारसं काही नाहीच. तो अनबॅलन्स्ड असल्यामुळे सिलिंडर रिकामा होत आला की श्वास थोडा जड होतो. तरी टेक्निकलवाले काही जण तो डेको सिलिंडरवर (डीकंप्रेशनच्या थांब्यांसाठी नेतात त्या वेगळ्या सिलिंडरवर) खुशाल लावतात. पण खोल पाण्यात पाठीवरच्या मुख्य गॅससाठी मला बॅलन्स्डच हवा होता. ४० मीटरवर पाच बार दाब असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात पाचपट दाट हवा ओढायची. तिथे सिलिंडरच्या दाबाप्रमाणे बदलणारा श्वास नको.

जोडणीबद्दल थोडक्यात: डिनच घ्या. डिनमध्ये ओ-रिंग व्हॉल्व्हच्या आत बंदिस्त बसते, आणि सात आट्यांचा ३०० बारचा डिन २३२ बारच्या व्हॉल्व्हलाही बसतो. आपल्याकडच्या होड्यांवर बहुतेक योकचे (रेग्युलेटर व्हॉल्व्हवर बाहेरून आवळायचा असतो असे) सिलिंडर असतात, हे खरं. पण पुष्कळ व्हॉल्व्हमधला इन्सर्ट ॲलन कीने काढला की तिथे डिन लागतो, म्हणून ती की माझ्या पिशवीत कायम असते. जिथे इन्सर्ट निघत नाही तिथे अडॅप्टर. माझा अडॅप्टर भलत्याच कुठल्या बनावटीचा होता, त्याची ओ-रिंग हंगाम संपायच्या आत कापली गेली. अडॅप्टर लावला की फर्स्ट स्टेज डोक्याच्या दिशेने बाहेर येतो आणि वर बघताना डोक्याला मागून लागतो, तेही धरून चाला.

डीएस४ला फिरणारा टरेट, म्हणजे होज (नळ्या) लागतात तो फिरता भाग, नाही. होज लावायचे पोर्ट असे: एक हाय प्रेशर, चार लो प्रेशर, सगळे जागच्या जागी. दुकानदार टरेटवाला महागडा मॉडेल पुढे करतो, पण एका सिलिंडरवर माझं त्याच्यावाचून अडलं नाही, शिवाय एक हलता सांधा कमी. जोड सिलिंडरवर दोन फर्स्ट स्टेज लागतात: उजव्या व्हॉल्व्हवर लांब होजचा मुख्य सेकंड स्टेज आणि विंगचा (पाठीवरच्या हवेच्या पिशवीचा) इन्फ्लेटर, डाव्यावर गळ्यातला राखीव सेकंड स्टेज आणि प्रेशर गेज. म्हणजे प्रत्येकावर जेमतेम दोन-तीन होज. चार पोर्ट पुरून उरतात. दोन्ही सेकंड स्टेज एकाच मॉडेलचे घेतले ते याच हिशेबाने. पुढे फक्त दुसरा फर्स्ट स्टेज घेतला की जोड पूर्ण. एक्सटीएक्स५०ची होज तंत्रज्ञाकडून डावीकडून घेता येते, साइडमाउंटकडे (सिलिंडर पाठीऐवजी कुशीला लावून डायव्हिंग) वळलात तर त्याचा उपयोग होईल. लांब होज पूर्ण २.१ मीटरची असते, ती मी अजून घेतलेली नाही. होडीतल्या गर्दीत ती कुणाच्या तरी पायाखाली येणार. सध्या दीड मीटरची, काखेखालून.

आता पावसाळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि जलक्रीडा तर मेअखेर आवरतात त्या थेट सप्टेंबरात. हे बंदीचे महिने रेग्युलेटरला डायव्हिंगपेक्षा जड जातात. कपाटात कपड्यांना बुरशी येते तिथे माउथपीसला का येऊ नये? मी सेट गोड्या पाण्यात रात्रभर ठेवला (डस्ट कॅप घट्ट लावून, आणि सेकंड स्टेजवरच्या पर्ज बटणाला (दाबलं की आतली झडप उघडते ते) हात न लावता, नाहीतर पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं), पंख्याखाली दोन दिवस वाळवला आणि मग मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत होज सैल गुंडाळून ठेवला. सेकंड स्टेजचा नॉब पूर्ण सैल केला. तो आवळलेला राहिला तर स्प्रिंग महिनोन् महिने सीटवर (हवा अडवणाऱ्या मऊ गादीवर) दाबत राहते आणि सीटवर खाच पडते. माउथपीस काढून वेगळे ठेवले. तरी एकावर काळे ठिपके आलेच, ते बदलले.

विणलेल्या कव्हरच्या लवचीक होजबद्दल सावध करतो. दिसायला छान, हाताला मऊ. पण अशा काही होजचं आतलं अस्तर उष्ण प्रदेशात खराब होऊन त्याचे स्फटिक होतात आणि हवेची वाट अडवतात, असा इशारा डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डॅन या संस्थेने दिलेला आहे. कोकणातला उकाडा आणि दमट कपाट पाहता मी सगळ्या होज साध्या रबराच्या ठेवल्या.

घेतलेल्या सगळ्यात स्वस्त वस्तूने सगळ्यात जास्त उपयोग दिला: इन्फ्लेटरच्या होजला लागणारा छोटा इंटरमीजिएट प्रेशर गेज, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून सेकंड स्टेजकडे जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणारा. सिलिंडर उघडायचा, काटा ९ ते १० बारच्या दरम्यान येऊन थांबला पाहिजे. थांबल्यावरही हळूहळू वर सरकत राहिला तर आतली हाय प्रेशर सीट गेली समजा, मग होडीत पाय ठेवायचा नाही. पावसाळ्यानंतर माझा काटा होता तिथेच थांबला. तरी सर्व्हिस करून घेतली, आणि ती सप्टेंबरात. जूनमध्ये करून चार महिने डब्यात ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही.

विकत घेण्याआधी एकच फोन करा, तो दुकानाला नाही, सर्व्हिस करणाऱ्याला: या मॉडेलचं सर्व्हिस किट (बदलायचे सुटे भाग) आत्ता तुमच्या कपाटात आहे का? आमच्यातल्या एकाचा दुसऱ्या बनावटीचा, माझ्याहून भारी रेग्युलेटर किटची वाट बघत अर्धा हंगाम पडून होता.

वर्षातून एकदा पाहुण्यांबरोबर किल्ल्याजवळ पाण्यात जाणाऱ्याने यातलं काहीच घेऊ नये, भाड्याचा पुरतो. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेची (पाण्याखालच्या प्रवाळ पठाराची) स्वप्नं पडत असतील तर मात्र घ्या. तिथला उथळातला उथळ भागही २० मीटरच्या आसपास आहे. माझा दुसरा डीएस४ पुढच्या हंगामाआधी येईल. डेको सिलिंडरमधल्या शुद्ध ऑक्सिजनसाठी तिसरा लागेल तेव्हा तो ऑक्सिजनसाठी साफ करून वेगळाच ठेवायचा. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाला हे दोन्ही डीएस४ लावणार नाही.