शिलाई मशीन: खोकाबंद नवं की डिस्प्ले पीस? आठेक महिने शिवल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. मी डिस्प्ले पीस, म्हणजे शोरूममध्ये लोकांना बघायला मांडलेलं मशीन घेतलं, आठेक महिने झाले, मशीन छान चालतंय. तरीही विचारणाऱ्या प्रत्येकाला मी डिस्प्ले पीस घ्या असं सांगत नाही. निम्म्या लोकांना तर सरळ नवंच घ्या म्हणतो. का, ते पुढे येईलच.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. कॉम्प्युटराइज्ड, वरून बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ) बसणारं, ७ मिलिमीटर रुंद झिगझॅग मारणारं आणि बटणाच्या मापाने आपोआप काज करणारं मधल्या श्रेणीतलं घरगुती मशीन आहे. अशी मशीन बऱ्याच कंपन्या काढतात. शिवाय प्रश्न मॉडेलचा नाहीच. त्या मॉडेलच्या या एका नगाने शोरूममध्ये काय काय सोसलंय, हा प्रश्न आहे.

डिस्प्ले पीस म्हटलं की लोक धूळ आणि ओरखडे बघतात. त्याने काही कळत नाही. शोरूममधलं मशीन शिवतं कमी आणि हाताळलं जातं जास्त, त्यामुळे त्याची झीजही वेगळ्याच जागी होते. घरी दहा वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये हुक (खालून दोरा पकडणारा भाग), दाते (कापड पुढे सरकवणारे), मोटर थकलेले असतात. डिस्प्ले पीसमध्ये हे सगळं बहुधा तरुण असतं. वाट लागते ती येणाऱ्या-जाणाऱ्याचं बोट जिथे जातं त्या भागांची.

पहिला बळी थ्रेडरचा. सुई आपोआप ओवणारी ती छोटी दांडी. तिच्या टोकाला अगदी बारीक तारेचा आकडा असतो. तो मागून सुईच्या नेढ्यात शिरतो, दोरा पकडतो आणि ओढून नेतो. सुई सगळ्यात वर असेल तरच त्याचा नेम बसतो. सुई अर्धवट खाली असताना दांडी दाबली की आकडा सुईच्या अंगावर आपटतो आणि वाकतो. आणि शोरूममध्ये जो येतो त्याला नेमकी हीच गंमत करून बघायची असते. माझा थ्रेडर घेताना चालत होता, जरा अडखळत. दोनेक महिन्यांत गेला. तेव्हापासून दोऱ्याचं टोक तिरकं कापून, सुईमागे पांढरा कागद धरून हातानेच ओवतो. त्याने काही अडत नाही, पण नव्या मशीनमध्ये हा भाग माझ्या हातून तरी इतक्या लवकर मेला नसता.

घेण्याआधी मी एक हट्ट धरला, सुईखालची प्लेट काढून दाखवा. विक्रेत्याला हे फारसं आवडलं नाही, पण त्याने स्क्रू काढले. दात्यांच्या रांगांमध्ये रुई इतकी घट्ट दबून बसली होती की तिची पट्टीच झाली होती, चिमट्याने उचकटावी लागली. तिच्याखाली सुईचं तुटलेलं टोक निघालं. म्हणजे कुणीतरी इथे सुई मोडली होती. बहुतेक सरळ टाक्याचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) लावलेला असताना झिगझॅग सुरू केला असेल. त्या फूटला मध्ये एकच छोटं भोक असतं, सुई बाजूला गेली की थेट धातूवर आदळते.

सुई मोडली की नुकसान सुईपुरतं राहत नाही. ती जाता जाता बॉबिन केसला (बॉबिन बसतो ती वाटी) किंवा प्लेटच्या भोकाला टोचा मारून जाते. डोळ्यांना हा टोचा दिसतोच असं नाही, नखाला लागतो. मी अंगठ्याचं नख बॉबिन केसच्या काठावरून फिरवलं, तर सुई उतरते त्या जागेजवळ बारीकशी कच लागली. मग रेशमी दोरा त्याच काठावरून ओढून बघितला, तिथेच अडकला. वरच्या दोऱ्याचा फेरा प्रत्येक टाक्याला या केसला पूर्ण वळसा घालून येतो. तिथे कच असेल तर दोरा पिंजतो, मध्येच तुटतो, आणि शिवणारा बिचारा तासभर टेन्शनची, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारी चकती फिरवत बसतो. धातूवरची कच अगदी बारीक एमरी पेपरने घासून घालवता येते. प्लास्टिकची केस सरळ बदलावी. मी पैसे देण्याआधीच ती बदलून घेतली. हुकचं टोक मात्र गुळगुळीत होतं. ते खराब असतं तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

आता कापडाबद्दल. शोरूमच्या टेबलावर चाचणीसाठी जे सुती कापड ठेवतात ते मध्यम जाडीचं, कडक आणि ताणरहित असतं. त्यावर कुठलंही मशीन सुंदरच शिवतं. आपलं कापड आपण न्यावं. मी जीन्सचा कापलेला पाय, जुन्या टी-शर्टचा तुकडा आणि सॅटिनची चिंधी नेली होती. सुयाही माझ्याच. घरगुती मशीनला चालणाऱ्या १३०/७०५ एच जातीच्या, जीन्सला १६ नंबर, टी-शर्टला ११ नंबरची स्ट्रेच सुई. चाचणीच्या मशीनमध्ये सुई किती दिवसांपासून बसलीये कुणाला ठाऊक, आणि बोथट सुईचा दोष मशीनच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

वर लाल आणि बॉबिनला निळा दोरा घातला की टाका स्वतःच बोलतो. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात पडायला हवी. वर निळे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त आहे. खाली लाल फासे लोंबले तर वरचा दोरा सैल आहे. आणि असं झालं की मशीनला नावं ठेवण्याआधी एकदा फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवावा. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये जातच नाही, आणि कापडाखाली पक्ष्याचं घरटं तयार होतं. शोरूममधली किती मशीन निव्वळ या एका कारणाने बदनाम झाली असतील देव जाणे.

माझ्या चाचणीत जीन्सची जाड शिवण पार झाली, टी-शर्टवर टाके सुटले नाहीत. सॅटिनवर मात्र बारीक रेघा उमटल्या. फूट काढून उलटा केला तर तळाला ओरखडे. कापड न घालता, फूट खाली ठेवून मशीन पळवलं की दाते फूटच्या तळाला घासत राहतात. मुलं पेडल दाबून बघतात तेव्हा हेच होतं. फूट चटकन निघणारा होता, दुसरा बसवला, रेघा गेल्या. दाते मी बोटाने चाचपून बघितले, धार शाबूत होती.

पेडल कुणीच तपासत नाही. खरं तर जमिनीवर पडून बुटांखाली तुडवला जाणारा भाग तोच. हळूच दाबलं तर मशीन एकेक टाका घेत सुरू व्हायला हवं. माझ्यावेळी ते आधी गप्प राहायचं आणि मग एकदम उसळायचं. तेच मॉडेल खोक्यात होतं, त्यातलं पेडल लावून बघितलं तर मशीन लोण्यासारखं सुरू झालं. दोष पेडलचा हे तिथेच ठरलं, आणि अदलाबदल करून घेतली. या तडजोडीने माझे जितके हाल वाचवले तितके किमतीतल्या घासाघिशीने वाचवले नसते. काज नीट घालताना, खिशाचा कोपरा वळवताना मशीन एकेका टाक्यावर थांबलं नाही तर काम वाया जातं.

मशीन एकूण किती टाके चाललंय हा आकडा काही कॉम्प्युटराइज्ड मॉडेल सेटिंगमध्ये दाखवतात. असेल तर जरूर बघा. माझ्यात नाही.

सामानाची यादी माहितीपुस्तिकेत चित्रांसकट असते. तेच पान उघडून एकेक वस्तू समोर ठेवायला सांगितली. बॉबिन होते, पण दोन वेगळ्याच उंचीचे. वरून बघितलं तर सगळे सारखेच दिसतात, पण उंचीत फरक असला की बॉबिन केसमध्ये उड्या मारतो आणि टाका बिघडतो. काजाचा फूट गायब होता. त्याच्या मागच्या खाचेत बटण ठेवलं की मशीन त्या मापाचं काज घालतं, म्हणजे तो नसेल तर आपोआप काज ही सोय फक्त जाहिरातीपुरती उरते. तो मिळेपर्यंत मी बिल करू दिलं नाही.

बिलावर मशीनचा अनुक्रमांक, तारीख आणि वॉरंटी त्याच तारखेपासून सुरू असं लिहून घेतलं. हे तोंडी कबूल करतात, लिहिताना कुरकुर करतात. थ्रेडर गेला तेव्हा 'अहो, तो डिस्प्ले पीस होता' हे ऐकावंच लागलं. थ्रेडर वापराने झिजणारा भाग म्हणून वॉरंटीत धरला नाही, यावर मी वाद घातला नाही. पण बाकी मशीन वॉरंटीत आहे की नाही हा प्रश्न पुन्हा निघाला नाही, कारण कागद हातात होता.

एवढ्या महिन्यांत काय काय शिवलं? पडदे, उशांचे अभ्रे, पिशव्या, घरातल्या सगळ्यांच्या जीन्सच्या मोऱ्या. जीन्सच्या बाजूच्या जाड शिवणीवर फूट पुढून वर उचलला जातो, तेव्हा मागे तेवढ्याच जाडीची घडी सरकवली की फूट सपाट राहतो आणि टाका लहान-मोठा होत नाही. पडद्यांच्या लांबच लांब सरळ टिपा मारताना मोटर तापली नाही, वास आला नाही, आवाज पहिल्या दिवशी होता तोच आहे. काजाची डावी बाजू उजवीपेक्षा जरा दाट येत होती, ती सेटिंगमधून जुळवली. कव्हरची एक बाजू पिवळट आहे, उन्हाच्या बाजूला ठेवलेलं असणार. तिचं मला काही वाटत नाही. दर मोठ्या कामानंतर प्लेट काढून ब्रशने रुई काढतो. फुंकर मारत नाही, रुई आणखी आत जाते. तेल या मॉडेलला वापरणाऱ्याने घालायचंच नाही असं पुस्तिकेत आहे, म्हणून हात लावलेला नाही.

माझ्या मावशीने त्याच सुमारास दुसऱ्या मॉडेलचं नवं, सीलबंद मशीन घेतलं. घरी खोकं उघडलं तर झिगझॅगला सुई उजवीकडे फूटवर घासत होती. वाहतुकीत आदळलं असावं. म्हणजे सीलबंद आहे म्हणून निर्दोष असेल असं नाही. पण तिला काही सिद्ध करावं लागलं नाही. फोन केला, दुसरं मशीन आलं, विषय संपला. मी माझी तपासणीची कथा रंगवून सांगत होतो, तर ती म्हणाली, "तू अख्खी दुपार जे करत बसलास ना, तेच टाळायला मी जास्तीचे पैसे दिले."

तिचं म्हणणं मला पटतं. नव्या मशीनची जास्तीची किंमत कोऱ्या प्लास्टिकची नसते, बिनबोभाट बदलून मिळण्याची असते. म्हणून जो पहिल्यांदाच शिवायला बसणार आहे त्याला मी नवंच घ्यायला सांगतो. टाका बिघडला तर चूक आपली की मशीनची हे नवशिक्याला कळत नाही. त्यात मशीनचा पूर्वेतिहास असेल तर प्रत्येक गुंत्याला संशयच वाटत राहणार, आणि महिन्याभरात मशीनवर चादर पडणार. भरतकामाचं युनिट असलेलं मशीनही मी डिस्प्ले म्हणून घेणार नाही. फ्रेम सरकवणारी गाडी हाताने ढकलायची नसते, आणि शोरूममध्ये ती कुणीच ढकलली नसेल यावर माझा विश्वास नाही.

ज्याचा हात बसलेला आहे, जो सुई, दोरा, कापड घेऊन जाईल आणि प्लेट उघडायला सांगताना लाजणार नाही, त्याने साधं किंवा मधल्या श्रेणीतलं डिस्प्ले मशीन खुशाल बघावं. सूट मोजताना त्यातून गहाळ सामानाची किंमत, एक सर्व्हिसिंग आणि थ्रेडर वजा करायचा. थ्रेडर चालू असला तरी वजा करायचा. एवढं करून जे उरतं ते जुजबी वाटलं तर शेजारचं खोकं उचलावं. प्लेट उघडायला साफ नकार मिळाला, तर त्या दुकानातून डिस्प्ले पीस घेऊच नये, सूट कितीही असो.