पोलीस ठाण्याची खिडकी, पोस्टातल्या बाईच्या नजरेतून

साताऱ्यात पोस्टाच्या काउंटरला 31 वर्षं काढली. त्यामुळे कुठल्याही खिडकीपुढे उभी राहिले की आतला माणूस मान वर करतो का, ते आधी बघते. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात तिसऱ्या हाकेला मान वर झाली. आमच्याकडे दुसऱ्या हाकेला व्हायची, म्हणजे फार नावं ठेवायला मला तोंड नाही.

झालं असं, श्रावणात स्वारगेटच्या विनाथांबा गाडीत चढताना यांच्या वरच्या खिशातला मोबाईल गेला. गाडी लागली की दाराशी काय झुंबड उडते ते सातारकरांना सांगायला नको. ठाण्यात गेलो. अंमलदार बोलायला चांगले. बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं, मग म्हणाले, "मावशी, अर्जात गहाळ झाला असं लिहा, लगेच शिक्का मारून देतो."

"अहो, गहाळ कसा? खिशात हात घालून नेलाय."

"चोरी लिहिलं की गुन्हा दाखल, जबाब, पंचनामा. काकांना उगाच हेलपाटे."

मी हटून बसणार होते. रजिस्टरातल्या एका शब्दानं काय फरक पडतो ते पोस्टातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पार्सल 'उशिरा' आणि पार्सल 'हरवले' यात आमच्या नोकऱ्या जायच्या. पण यांची साखर खाली-वर होते, जेवायची वेळ टळली होती, हे म्हणाले लिही काय ते. लिहिलं गहाळ. पुतण्या वकिली करतो, त्यानं नंतर माझीच हजेरी घेतली. चोरी सांगितली की एफआयआर नोंदवून तिची प्रत फुकट द्यायचीच असते, आणि जुलै 2024 पासून तक्रार ऑनलाइन पाठवून तीन दिवसांत सही केली तरी चालते. ठाण्याला द्यायच्या पाच ताऱ्यांतला एक इथे कापला.

पुढचं काम मात्र मानलं. एक तरुण पोलीस मुलगी संगणकावर बसली होती. केंद्र सरकारचं सीईआयआर नावाचं पोर्टल आहे, त्यावर हरवलेला फोन बंद करता येतो. तिनं आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, मागितला. हे माझ्याकडे बघायला लागले. मोबाईलचा खोका मी बटणं आणि सुयादोरा ठेवायला घेतला होता, त्यावर पंधरा आकडे छापलेले! रिक्षानं घरी जाऊन बटणांसकट खोका आणला. बिल, आधार, अर्जाची प्रत आणि तो नंबर, एवढ्यावर काम झालं. फक्त त्याच नंबरच्या नव्या सिमवर पहिले चोवीस तास मेसेज येत नाहीत, हे कुणी आधी बोललं नाही. ओटीपीची वाट बघत आम्ही भिंतीवरचे सगळे फलक पाठ केले.

अडीच महिन्यांनी फोन आला, मोबाईल सापडलाय. बंद केलेल्या फोनमध्ये कुणी सिम घातलं की पोलिसांना कळतं म्हणे. पण हातात लगेच देतील तर शपथ. कार्यक्रम ठेवला होता, चाळीसेक लोक, सत्कार, भाषणं, फोटो. दोन तास टाळ्या वाजवून आपलाच मोबाईल घेतला. घरी आल्यावर तो पोर्टलवर पुन्हा चालू करून घ्यावा लागतो, तेही त्याच मुलीला फोन करून विचारलं. न चिडता सांगितलं तिनं.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात या ठाण्यातल्या पोलिसांचं व्याख्यान झालं, ते या सगळ्यात सरस. आधी पडद्यावर बारीक अक्षरांचं काहीतरी दाखवलं, निम्मे पेंगले. मग एक हवालदार उठले आणि सरळ नाटकच केलं. "आजी, पुढं खून झालाय, चेकिंग चालू आहे, पाटल्या काढून रुमालात बांधा बघू." पहिल्या रांगेतल्या बाईंचा हात खरंच पाटलीवर गेला! खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिने काढायला सांगत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात बसलं. आमच्या शेजारच्या काकूंना हे चार वर्षं आधी कळायला हवं होतं, त्यांच्या रुमालात घरी आल्यावर खडे निघाले. मग व्हिडिओ कॉलवरून अटकेची भीती घालून पैसे उकळणारा तोतया 'साहेब' करून दाखवला. कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाही, पैसे गेलेच तर लाजत बसू नका, तडक सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, बँकेतून पैसे पुढे सरकायच्या आत. बाकी कशालाही 112. माझं बोट अजून शंभरावरच जातं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा त्या पोलीस मुलीचा आहे, इमारतीचा नाही. जाणार असाल तर बिल आणि खोका घेऊनच जा. खोका टाकला असेल तर फोन हातात आहे तोवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा आणि येणारा नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. आमचा गॅसच्या नंबरखाली लिहिलाय, बटणं आता पेढ्यांच्या डब्यात गेली.